स्वयंचलित कारभाराची पूर्वसिद्धता

गृहकर्जासाठी आलेला अर्ज दाखल करून घ्यावा, त्यासोबतचे दस्तऐवज वाचून नाव, पत्ता आणि उत्पन्न यांची नोंद करावी, ती नोंद संस्थेच्या नियमांशी ताडून पाहावी, प्रकरण योग्य त्या अधिकाऱ्याकडे मंजुरीसाठी धाडावे आणि शेवटी सर्व कागद दफ्तरी दाखल करावेत, हा जो कारभार एके काळी कारकून, अव्वल कारकून आणि चिटणीस यांच्या हातून चालत असे, तो आज बँका, विमा कंपन्या आणि शासकीय खाती यांत फार मोठ्या प्रमाणावर संगणकप्रणालींकडे सोपविला गेला आहे. या प्रणालींच्या गुणांविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. परंतु ज्या कंटेनरमंचावर त्या उभ्या राहतात, त्या मंचाची प्रणालीच्या स्थापनेपूर्वी करावयाची सिद्धता हा विषय तंत्रज्ञांच्या टिपणवह्यांपलीकडे क्वचितच जातो. वस्तुतः प्रणाली धडपणे चालेल की नाही, याचा निकाल बव्हंशी या सिद्धतेतच लागतो. कारण तिच्यातील कित्येक निर्णय असे आहेत, की ते एकदा घेतले म्हणजे पुढे बदलण्यासाठी सगळा मंच मोडून नव्याने उभारावा लागतो. रेड हॅट कंपनीचा ‘ओपनशिफ्ट’ हा मंच आणि त्यावर चालणारा आयबीएमचा ‘क्लाउड पाक फॉर बिझनेस ऑटोमेशन’ हा प्रणालीसंच यांचे उदाहरण समोर ठेवून या सिद्धतेचा आढावा घेण्याचे येथे योजिले आहे.

एकाच यंत्रावर अनेक कार्यक्रम आपापल्या स्वतंत्र कप्प्यात, म्हणजेच कंटेनरात, परस्परांना उपद्रव न देता चालावेत, ही आकांक्षा जुनीच आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एखाद्या कार्यक्रमाला फायलींच्या ठरावीक हद्दीतच कोंडून ठेवण्याची सोय झाली. २००० साली फ्रीबीएसडीने ‘जेल’ या नावाने ती अधिक कडेकोट केली. पुढे गूगलमधील अभियंत्यांनी २००६ पासून लिनक्ससाठी अशी रचना बांधावयास घेतली, की तिच्यामुळे प्रत्येक कार्यक्रमसमूहाला मिळणाऱ्या प्रोसेसर आणि स्मृती यांचा वाटा मुक्रर करता यावा, आणि ती २००८ च्या जानेवारीत लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. या विखुरलेल्या साधनांना सामान्य अभियंत्याच्या हाती देण्याचे श्रेय २०१३ साली प्रकट झालेल्या ‘डॉकर’ला द्यावे लागते, आणि शेकडो यंत्रांवर पसरलेल्या हजारो कंटेनरांचे नियमन करणाऱ्या ‘कुबरनेटिस’ला. ‘बोर्ग’ या आपल्या अंतर्गत प्रणालीच्या अनुभवातून गूगलने कुबरनेटिस २०१४ साली जगापुढे खुले केले. ओपनशिफ्ट २०११ पासून अस्तित्वात होते. परंतु २०१५ साली त्याची तिसरी आवृत्ती कुबरनेटिसच्या पायावर नव्याने रचली गेली, तेव्हा त्याला आजचे रूप येऊ लागले. २०१९ साली चौथी आवृत्ती आली आणि त्याच वर्षी आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट विकत घेतली.

प्रणालीसंचाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, आणि सिद्धता इतकी दीर्घ का होते याचे उत्तर मला त्या इतिहासातच दिसते. दस्तऐवज सांभाळणारी फाइलनेट ही १९८२ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली कंपनी. ती आयबीएमने २००६ मध्ये घेतली. नियमांचा शास्त्रशुद्ध विचार करणारी आयलॉग ही फ्रेंच कंपनी २००९ मध्ये आली, आणि प्रकरणाचा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर होणारा प्रवास आखणारी टेक्सासमधील लॉम्बार्डी २०१० मध्ये. या स्वतंत्रपणे वाढलेल्या प्रणालींपैकी प्रत्येकीची माहिती ठेवण्याची पद्धत, प्रत्येकीची डेटाबेसची अपेक्षा आणि वापरकर्त्यांची ओळख पटविण्याची रीत आपापली होती. २०१९ नंतर त्या एका संचात गोवल्या गेल्या आणि कंटेनरांच्या रूपाने एकाच मंचावर नांदू लागल्या, तरी त्यांच्या जुन्या मागण्या संपल्या नाहीत. त्या साऱ्या मागण्या आता मंच सिद्ध करणाऱ्याच्या शिरावर एकदम येऊन पडतात.

आरंभ क्लस्टरपासून, म्हणजे एकत्र जोडलेल्या यंत्रांच्या समूहापासून, करावा लागतो. त्या समूहातील प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात. नियंत्रण करणारे तीन नोड हवेत, कारण मंचाची सर्व स्थिती ज्या ‘ईटीसीडी’ नावाच्या कोठारात नोंदली जाते, त्याचा व्यवहार बहुमतावर चालतो आणि तिघांपैकी एक निकामी झाला तरी उरलेल्या दोघांचे बहुमत टिकते. हे कोठार डिस्कच्या मंदपणाला अत्यंत असहिष्णू असते. नोंद डिस्कवर पक्की होण्यास लागणारा वेळ शंभरांपैकी नव्याण्णव वेळा १० मिलिसेकंदांच्या आत राहावा अशी अपेक्षा असते, आणि तो वाढला की मंचाच्या अशा ठिकाणी बिघाड दिसू लागतात, की ज्यांचा डिस्कशी काही संबंध असेल अशी शंकाही येऊ नये. नियंत्रक नोडला किमान ४ प्रोसेसर आणि १६ गिगाबाइट स्मृती, व कार्यकारी नोडला २ प्रोसेसर आणि ८ गिगाबाइट, असे आकडे मंचाच्या माहितीपत्रात असतात. परंतु हे आकडे केवळ रिकामा मंच उभा राहण्यापुरते आहेत, व्यवसायप्रणालीचा भार वाहण्यासाठी नव्हेत, हे अंदाजपत्रक करणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे. तो भार संचातील कोणते घटक घेणार आणि किती लोक वापरणार यांवरून स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

आता ज्या निर्णयाकडे मी सर्वांत अधिक लक्ष वेधू इच्छितो, तो जाळ्यातील पत्त्यांचा. ओपनशिफ्टमधील पॉडांना, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटांना, मिळणारे पत्ते, काही वेगळे सांगितले नाही तर, १०.१२८.०.० पासून १०.१३१.२५५.२५५ पर्यंतच्या पट्ट्यातून दिले जातात, आणि सेवांसाठी १७२.३० ने सुरू होणारा पट्टा राखून ठेवला जातो. मोठ्या संस्थांच्या अंतर्गत जाळ्यात १० ने सुरू होणारे पत्ते सर्रास वापरात असतात. समजा, त्याच संस्थेचा मुख्य डेटाबेस १०.१२९ च्या पत्त्यावर वर्षानुवर्षे चालत आला आहे. तर पॉडातून त्या डेटाबेसकडे निघालेली विनंती क्लस्टरच्या बाहेर पडणारच नाही, कारण तो पत्ता आपल्याच हद्दीतला आहे अशी मंचाची समजूत असते. दोष डेटाबेसचा नसतो, प्रणालीचाही नसतो; तरीही दोन्हीकडची माणसे आठवडेच्या आठवडे परस्परांकडे बोट दाखवीत राहू शकतात. हा पट्टा एकदा ठरला की तो उचलून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची सोय नाही. म्हणून स्थापनेची पहिली आज्ञा देण्यापूर्वी जाळे सांभाळणाऱ्या खात्याकडून वापरातील सर्व पत्त्यांची यादी लेखी मागवावी, आणि ती हाती येईपर्यंत काम थोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावांच्या नोंदी आणि मार्ग यांविषयी थोडक्यात सांगता येईल. मंचाच्या नियंत्रणद्वाराचे बाहेरचे नाव, त्याचे आतले नाव आणि सर्व अनुप्रयोगांना लागू पडणारे व्यापक नाव अशा नोंदी डीएनएसमध्ये आधी हव्यात. भार वाटून देणाऱ्या यंत्रणेत ६४४३, २२६२३, ४४३ आणि ८० या क्रमांकांची द्वारे (पोर्ट) उघडी हवीत. एक बारकावा मात्र सांगितलाच पाहिजे. नवे नोड जागे करण्यासाठी ज्या फायली तयार होतात, त्यांतील प्रमाणपत्रांची मुदत अवघी २४ तासांची असते. शुक्रवारी त्या तयार करून सोमवारी वापरू पाहणाऱ्याचे क्लस्टर उभे राहत नाही.

घड्याळ ही बाब क्षुल्लक वाटते, पण प्रमाणपत्रे, प्रवेशपत्रे आणि नोंदी या सर्वांचा आधार वेळ हाच असल्यामुळे यंत्रायंत्रांतील काही मिनिटांचा फरकही सारा व्यवहार ठप्प करू शकतो. भारतात तर या बाबीला शासकीय ताकीदही आहे: सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळवून घेतलेल्या वेळदात्या यंत्रांशी, मिळवून ठेवावयाची आहेत, आणि आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवसांपर्यंत जपावयाच्या आहेत. या दुसऱ्या अटीचा परिणाम थेट साठवणीच्या हिशेबावर होतो, कारण कंटेनर नष्ट झाला की त्याच्या आतील नोंदही त्याच्याबरोबर जाते, आणि ती बाहेर नेऊन ठेवण्याची तजवीज मुळातच करावी लागते.

रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने पैशांच्या देवघेवीसंबंधीची विदा भारतातच साठविण्याचा दंडक घातला, आणि आपल्याकडील अनेक वित्तसंस्था असे मंच स्वतःच्या, इंटरनेटशी थेट संबंध नसलेल्या विदाकेंद्रांत चालवितात. अशा ठिकाणी सिद्धतेला एक नवा अध्याय जोडला जातो. प्रणालीच्या सर्व कंटेनरप्रतिमा बाहेरच्या कोठारातून परवानाकिल्ली दाखवून एका मध्यस्थ यंत्रावर उतरवून घ्याव्या लागतात, तेथून संस्थेच्या अंतर्गत कोठारात न्याव्या लागतात, आणि बाहेरच्या पत्त्याऐवजी या आतल्या पत्त्याकडे पाहावे असे मंचाला शिकवावे लागते. प्रतिमा तिच्या नावाने न ओळखता तिच्या आशयावरून काढलेल्या ठशाने ओळखली जाते, ही या व्यवस्थेतील मोठी आश्वासक गोष्ट होय. वाटेत एका अक्षराचा जरी फेरफार झाला तरी ठसा जुळत नाही.

साठवणीविषयी दोन गोष्टी आग्रहाने सांगावयाच्या आहेत. पहिली अशी, की दस्तऐवज सांभाळणाऱ्या प्रणालीत निरनिराळ्या नोडांवरील अनेक पॉड एकाच वेळी त्याच फायली वाचीत आणि लिहीत असतात. सबब एका वेळी एकाच नोडला जोडता येणारी साठवण तेथे चालत नाही, सामायिक साठवणच लागते. हे आधी न पाहिल्यास पॉड सुरूच होत नाहीत, नुसते ताटकळत राहतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मागणीबरहुकूम आपोआप निर्माण होणाऱ्या साठवणीचा मूळ शिरस्ता असा, की तिच्यावरील हक्काची नोंद पुसली गेली की साठवणही पुसली जाते. चुकून दिलेल्या एका आज्ञेने नागरिकांचे लाखो दस्तऐवज नाहीसे होऊ नयेत, यासाठी ‘राखून ठेवा’ असे धोरण असलेला साठवणवर्ग सिद्धतेच्या काळातच निर्माण करून घेतला पाहिजे. ज्या संस्थेकडे लोकांची खरेदीखते आणि विमापत्रे विश्वासाने सोपविलेली असतात, तिने या बाबतीत यत्किंचितही ढिलाई करणे मला अक्षम्य वाटते.

सुरक्षेच्या बाबतीत ओपनशिफ्टचा स्वभाव मुळातच संशयी आहे, आणि तो तसा आहे हे योग्यच होय. कोणताही कंटेनर यंत्राचा सर्वाधिकारी म्हणून चालू देण्यास तो राजी नसतो. प्रत्येक नेमस्पेसला, म्हणजे मंचावरील स्वतंत्र विभागाला, नेमून दिलेल्या पट्ट्यातून एक सामान्य वापरकर्ता-क्रमांक त्याला दिला जातो. जुन्या घडणीचा एखादा घटक या निर्बंधात चालत नाही असे दिसले, की घाईत असलेला तंत्रज्ञ निर्बंधच सैल करतो, आणि ती सैल गाठ पुढे कोणी आवळत नाही. त्याऐवजी अधिकारांची विभागणी आरंभीच करावी: मंचाचा मुख्य प्रशासक नेमस्पेस, ऑपरेटर (घटक बसवून त्यांची देखभाल करणारे कार्यक्रम) आणि भूमिका तयार करून देईल, आणि प्रणाली बसविणारा पुढील सर्व काम त्या नेमस्पेसच्या हद्दीत, मर्यादित मुखत्यारीने करील. आयबीएमच्या संचात ही विभागणी स्वतंत्र स्क्रिप्टांच्या रूपाने आखून दिलेली आहे, आणि ती पाळण्यात जो वेळ जातो तो सत्कारणी लागतो.

याच संचातील आणखी एका स्क्रिप्टची मी मनःपूर्वक प्रशंसा करीन. ती तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात ती कोणते घटक हवेत हे विचारून भरावयाचे तक्ते तयार करते, ज्यांत डेटाबेसचे पत्ते, एलडॅपमधील, म्हणजे वापरकर्त्यांच्या सूचीतील, शोधाचा आरंभबिंदू, साठवणवर्गांची नावे इत्यादी तपशील संबंधितांकडून मिळवून भरावयाचे असतात. दुसऱ्या टप्प्यात त्या तक्त्यांवरून डेटाबेस निर्माण करण्याच्या आज्ञा आणि गुप्त माहितीच्या नोंदी सिद्ध होतात. तिसऱ्यात साठवण खरोखर मिळते का, डेटाबेस उत्तर देतो का, एलडॅपची खातरजमा होते का, हे प्रत्यक्ष पडताळून पाहिले जाते. डेटाबेस सांभाळणारा, वापरकर्त्यांची सूची सांभाळणारा, साठवण सांभाळणारा आणि जाळे सांभाळणारा हे मोठ्या संस्थेत चार निराळ्या खात्यांत बसतात, आणि सिद्धतेचा खरा शीण यंत्रांपेक्षा या चौघांची संमती एका कागदावर आणण्यात असतो. त्या कागदाला हा तक्ता निश्चित आकार देतो. तक्त्यात मी आपल्याकडून एक रकाना वाढवीन: एलडॅपशी बोलणाऱ्या खात्याच्या संकेतशब्दाची मुदत केव्हा संपते. सर्वसाधारण धोरणाप्रमाणे तो शब्द आपोआप बाद झाला, की सुरळीत चाललेली प्रणाली एका सकाळी कोणालाच आत घेत नाही.

चाचणीसाठी उभारलेल्या मांडणीविषयी एक इशारा आवश्यक आहे. संचाची जी प्रारंभिक आवृत्ती मिळते ती आपला डेटाबेस आणि आपली वापरकर्ता-सूची बरोबर घेऊन येते, त्यामुळे ती लवकर उभी राहते आणि ते पाहून वरिष्ठ प्रसन्न होतात. परंतु तिचे रूपांतर प्रत्यक्ष कारभाराच्या मांडणीत होत नाही. ती केवळ परिचयासाठी आहे. तिच्या वेगावरून प्रत्यक्ष स्थापनेची तारीख ठरविणे हा अनेक प्रकल्पांच्या क्लेशांचा उगम होय. शिवाय कुबरनेटिसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघतात आणि ओपनशिफ्टही त्यामागोमाग चालते. संचाची कोणती आवृत्ती मंचाच्या कोणत्या आवृत्तीवर मान्य आहे, हे स्थापनेच्या आठवड्यात पुन्हा पाहावे, सहा महिन्यांपूर्वीच्या टिपणावर विसंबू नये.

पुण्यात रेड हॅट आणि आयबीएम या दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांची मोठी वस्ती आहे, आणि मुंबई-नवी मुंबईच्या विदाकेंद्रांत रात्रपाळीला बसून असे मंच उभे करणारी मराठी माणसेही थोडी नाहीत. त्यांच्या वतीने संस्थाचालकांना एवढीच विनंती करावीशी वाटते: प्रणाली सुरू होण्याची तारीख ठरविताना सिद्धतेचा काळ स्वतंत्र धरावा, चारही खात्यांचा एकेक माणूस त्या काळापुरता या कामाला नेमून द्यावा, आणि पडताळणीचा तिसरा टप्पा निर्वेध पार पडल्याचा लेखी अहवाल हाती आल्यावाचून ती तारीख बाहेर जाहीर करू नये.