खिडकीत पडलेले पंख : वाळवीची पहिली चाहूल

पावसाच्या पहिल्या सरींनंतर रात्री दिव्याभोवती पंखवाले कीटक जमतात आणि सकाळी खिडकीशी त्यांच्या पंखांचा सडा दिसतो. तो झाडून टाकण्यापूर्वी नीट पाहावा. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात, कंबर जाड आणि मिशा सरळ असतात. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर चिंचोळी आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. बाहेरून दिव्याकडे आलेल्या थव्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. बंद खोलीत पंख सापडल्यास मात्र वसाहत घरातच किंवा घराखाली असण्याची शक्यता बळावते.

भिंतीवर किंवा चौकटीलगत पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी दिसल्यास ती लगेच खरवडू नये. मधला बोटभर भाग मोडून काही दिवस वाट पाहावी; तो पुन्हा लिंपला गेल्यास आत वाळवीची ये-जा सुरू आहे. लाकडाचा पोकळ आवाज ही तशी उशिराची खूण.

नळीवर रॉकेल शिंपडून भागत नाही, कारण राणी बहुधा जमिनीखाली असते. बांधून झालेल्या इमारतींतील उपायांसाठी भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ६३१३ या मानकाचा तिसरा भाग आहे. काम त्यानुसार होणार का, हे कंत्राटदाराला आधीच विचारावे.