कोकणात कधी यावे?

गेल्या वर्षी वसतिगृहात राहावयास आले. मी मालवणकडची हे कळताच खोलीतल्या मैत्रिणींनी विचारले, "तुमच्या कोकणात कधी यावं गं?" मी चटकन "डिसेंबरात या" म्हणून मोकळी झाले. मागाहून वाटले, पाहुण्यांना सांगतो तेच आपण यांनाही सांगितले.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत, त्या आम्ही पर्यटकांना देतो. बाबा मासेमारीला जातात, आई पाहुण्यांचे जेवण रांधते. डिसेंबर आणि मे या दोन महिन्यांत खोल्या भरलेल्या असतात. उरलेल्या दहा महिन्यांचे कोकण फारसे कोणी पाहत नाही, म्हणून हा लेख.

डिसेंबरात काय असते ते सर्वांना ठाऊक आहे. आकाश निरभ्र, समुद्र शांत, किल्ले सिंधुदुर्गाकडे होड्या चालू. पाहुणे किनाऱ्यावर ऊन खात बसतात तेव्हा बागायतदार मात्र आंब्याकडे डोळे लावून असतो. थंडी नीट पडली तर मोहोर धरतो. ढग आले की तुडतुडे पडतात आणि वर्षाची मेहनत काळी पडते. ज्या स्वच्छ उन्हासाठी पाहुणा येतो, त्याच उन्हावर हापूस उभा असतो.

उन्हाळ्याविषयी एक गैरसमज आहे. आमच्याकडे पारा घाटावरच्याइतका चढत नाही, पण हवेत बाष्प इतके की घाम वाळत नाही. दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. हे खारे वारे. रात्री उलटे होते, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. भूगोलाच्या पुस्तकात मी हे पाठ केले होते. आजोबांना शाळा ठाऊक नव्हती. पण पहाटे मतलईवर शीड सोडून बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे, हे त्यांना ठाऊक होते.

मे महिन्यात आंबा, फणस, काजू, रतांबे सारे एकदम येते आणि त्याच वेळी विहिरी तळ गाठतात. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात पाण्याची ओरड कशी, असे मला इथे पुष्कळांनी विचारले. आमचा जांभा दगड सच्छिद्र, तो पाणी धरून ठेवत नाही. सह्याद्रीपासून समुद्र जवळ, उतार तीव्र, नद्या आखूड. पाऊस आला तसा समुद्राला मिळतो. पाहुणे दोनदा आंघोळ करतात तेव्हा आई काही बोलत नाही, फक्त विहिरीत डोकावून येते.

मेअखेरीस आगोटीची घाई सुरू होते. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडची बेगमी. लाकडे आत घ्यायची, आमसुले वाळवून बरणीत भरायची, सुके बांगडे आणि गोलमो डब्यात, पडवीला झावळ्यांचे झाप. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमची कौले उडाली, तेव्हा आगोटीचे निम्मे सामान भिजले. त्या पावसाळ्यात आम्ही काय खाल्ले ते इथे लिहीत नाही.

जूनमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी सुरू होते. हा माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. बंदी योग्यच आहे, बाबाही तेच म्हणतात. पण खोल्याही तेव्हाच रिकाम्या होतात आणि कॉलेजची फी नेमकी तेव्हाच भरावी लागते. "फी कधी भरूची आसा?" हा बाबांचा प्रश्न मला मृगाच्या पहिल्या सरीबरोबर आठवतो. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच; त्यामुळे या प्रश्नाची सवय अजून कोणाला झालेली नाही.

पण पाहण्यासारखे कोकण याच दिवसांत असते. तरवा काढून लावणी चाललेली, परसात टाकळा आणि फोडशीची भाजी, आणि मे महिन्यात भाजून काढणाऱ्या सड्यावर श्रावण-भाद्रपदात फुलांचा गालिचा. समुद्रात मात्र उतरू नये. तो किनाऱ्यावरून पाहावा आणि गावकरी सांगतील तेवढ्याच अंतरावरून. नारळी पौर्णिमेला त्याला नारळ अर्पण होतो. मग गणपती. मुंबईचे चाकरमानी गाड्या भरभरून येतात, रानातली फळे-फुले बांधून माटवी सजते आणि एरवी कुलूप असलेल्या घरांतूनही दिवे दिसतात.

पाऊस ओसरला की रापणीचे दिवस. होडीतून लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसे ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात, ओढायला हात लावणाऱ्या पोरालाही चार बांगडे मिळतात. मी लहानपणी असे बांगडे मिळवले आहेत. आता रापणी कमी झाल्या. खोल समुद्रात मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलले जातात, ते किनाऱ्यापर्यंत येतच नाहीत. प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, तरी त्यावरून होणारी भांडणे काही थांबली नाहीत. पर्यटकाला रापण दिसली तर तो फोटो काढतो. त्याने दोरीला हात लावावा, कोणी नको म्हणणार नाही.

भात कापून झाले की त्याच ओलीवर कुळीथ पेरतात. कार्तिकी पौर्णिमेपासून जत्रा आणि दशावतार सुरू होतात. रात्रभर संकासुराला हसत बसायचे आणि पहाटे थंडीत घरी परतायचे. मग पुन्हा डिसेंबर, पुन्हा पाहुणे.

मैत्रिणींना मी माझे उत्तर बदलून सांगितले आहे. त्या यंदा गणपतीनंतरच्या आठवड्यात येणार आहेत. आईला फोनवर कळवले. पावसात पाहुणे येणार हे तिला आधी खरेच वाटेना. मग म्हणाली, "येवंदेत. सुक्या बांगड्याची सवय आसा काय, तां इचारून ठेव."