ओहोटी लागली की शर्यत!

अलिबागपासून मुरूडपर्यंत कुठल्याही पुळणीवर ओहोटीला जा. पाणी मागे सरलं की ओली वाळू कशी रस्त्यासारखी घट्ट होते, ते तुम्ही बाइकवरून अनुभवलं असेलच (घरी सांगू नका!). याच वाळूवर आपल्याकडे बैलगाड्यांच्या शर्यती रंगतात. आणि गंमत म्हणजे अमेरिकेतली नास्कारही अशाच वाळूतून उभी राहिली.

फ्लोरिडातलं डेटोना. १९३६ पासून तिथे रोजच्या वापरातल्या मोटारींची शर्यत व्हायची. अर्धी फेरी डांबरी रस्त्यावर, अर्धी चक्क किनाऱ्यावर. भरतीची वेळ सांभाळूनच सगळं उरकायचं! तिथेच राहणाऱ्या बिल फ्रान्स या मेकॅनिकने १९४८ मध्ये नास्कार ही संस्था काढली आणि शर्यतींना एकसारखे नियम आले. १९५९ मध्ये शर्यत वाळू सोडून पक्क्या ट्रॅकवर गेली.

आपल्याकडे नियम आले ते कोर्टकचेरीतून. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी, २०२३ मध्ये घटनापीठाचा शर्यतींच्या बाजूने निकाल. चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना मनाई आहे. मोटार तापली तर बंद तरी पडते. बैल मार खात पळतच राहतो. पुढच्या शर्यतीत रील काढाल, तेव्हा कॅमेरा जरा गाडीवानाच्या हाताकडेही वळवा.