कऱ्हाडचा ‘ऱ’ संगणकाला कसा दिसतो?

समजा, कऱ्हाड आणि सांगली इथल्या कृष्णेच्या पाणीपातळीच्या नोंदी एकत्र करणारा प्रोग्राम लिहायचा आहे. फाइल तीच, पण तिचा मार्ग लिनक्सवर ‘नोंदी/कऱ्हाड/जुलै’ असतो, तर विंडोजवर ‘नोंदी\कऱ्हाड\जुलै’. या फरकाचे मूळ जुने आहे. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते आणि ‘/’ हे चिन्ह आज्ञेचे पर्याय सांगण्यात अडकले होते. १९८३ मध्ये फोल्डर आले, तेव्हा त्यांच्यासाठी ‘\’ घ्यावे लागले.

‘नोंदी//सांगली/../कऱ्हाड’ असा मार्ग आला, तर जादा रेघ काढायची, ‘..’ म्हणजे एक पायरी मागे जायचे, उरते ‘नोंदी/कऱ्हाड’. पायथन भाषेतले नॉर्मपाथ किंवा गो भाषेतले क्लीन हे फंक्शन हे काम करते. मात्र ‘सांगली’ हा दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा असेल, तर नुसत्या अक्षरांवरून केलेली ही सफाई भलत्याच फोल्डरात पोहोचवते. शिवाय लिनक्सवर ‘\’ हे फाइलच्या नावातले साधे अक्षर असू शकते. ते सरसकट बदलले की नावच बदलते.

खरी मेख आहे ती ‘ऱ’मध्ये. युनिकोडमध्ये तो ०९३१ या एकाच क्रमांकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता असा दोन क्रमांकांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलरचना नावे अशा सुट्या, दुसऱ्या रूपात साठवत असे. लिनक्स सहसा बाइट जुळवून पाहतो, त्यामुळे तिथे ‘कऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी नांदू शकतात. डोळ्यांना एकच नाव, पण अर्ध्या नोंदी एकात, अर्ध्या दुसऱ्यात.

युनिकोडची एनएफसी ही प्रमाण पद्धत लावली की ही दोन्ही रूपे एक होतात. पण काही कळफलकांवर ‘कऱ्हाड’मधला अर्धा ‘ऱ्’ र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा उमटतो. एनएफसी त्याला हात लावत नाही. तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो.

म्हणून नाव प्रोग्राममध्ये शिरते तिथेच, एकाच फंक्शनमध्ये, ते प्रमाण रूपात आणावे आणि पुढे सगळीकडे तेच वापरावे. चाचणीत ‘karad’ऐवजी ‘कऱ्हाड’ तिन्ही प्रकारे लिहून पाहावे. मराठी नावे चुकीशिवाय चालवणे ही परदेशी कंपनीची मेहेरबानी नव्हे. ते आपल्या प्रोग्रामरांचे काम आहे.