टोकियो स्कायट्री : एवढा उंच कशाला?



'जगातील सर्वात उंच मनोरा – टोकियो स्कायट्री, ६३४ मीटर.' आमच्या चौथीच्या मुलांनी हे सामान्यज्ञानाच्या वहीत लिहिलं, पाठही केलं. मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण एवढा उंच कशाला?" मी सांगून टाकलं, "वरून शहर बघायला." घरी आल्यावर लक्षात आलं, मी तिला अर्धवट उत्तर दिलं होतं.

स्कायट्री हा मुळात प्रसारणाचा मनोरा. आधी हे काम १९५८ सालचा ३३३ मीटरचा टोकियो टॉवर करत होता. पण शहरात उंच इमारती वाढल्या आणि टीव्हीच्या लहरी अडू लागल्या. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, इमारतीला वळसा घालणं त्यांना फारसं जमत नाही. त्यात पृथ्वी गोल! म्हणून मनोरा जितका उंच, तितका लहरींचा पल्ला लांब. आपल्याकडे दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर का आहे, त्याचं उत्तरही हेच. तिथे उंचीचं काम डोंगरानेच करून टाकलंय.

वर्गात किंवा घरी हे करून बघा. मातीचा मोठा गोळा घ्या. त्यात एक आखूड आणि एक लांब काडी उभी खोचा. प्रत्येक काडीच्या टोकाला दोरा बांधून तो ताणा आणि गोळ्याला जिथे जेमतेम टेकेल तिथे खूण करा. लांब काडीची खूण लांब पडते. मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता जपान म्हणजे भूकंपाचा देश. तिथल्या जुन्या लाकडी पॅगोडांमध्ये मधोमध एक खांब असतो. स्कायट्रीच्या पोटातही ३७५ मीटरचा काँक्रीटचा खांब आहे. त्याचा वरचा भाग मनोऱ्याला घट्ट जोडलेला नाही, मध्ये तेलाचे धक्काशोषक आहेत. मनोरा हलला की खांब त्याच्या तालात हलत नाही, त्यामुळे झोके कमी होतात. मार्च २०११ च्या मोठ्या भूकंपात बांधकाम चालू होतं, तरी मनोरा उभा राहिला.

(६३४ हा आकडाही गंमतीचा. जपानीत ६-३-४ चा उच्चार 'मु-सा-शी' होतो, आणि मुसाशी हे त्या प्रदेशाचं जुनं नाव!)

मे २०१२ पासून लोक ३५० आणि ४५० मीटरवरच्या सज्जांवर जातात. ३५० मीटरवरून क्षितिज सुमारे ६७ किलोमीटरवर असतं. तरी हवा स्वच्छ असली की त्याहून बराच लांबचा, ३७७६ मीटर उंच फुजी पर्वत दिसतो. हे कसं, ते मात्र सांगू नका. गोळ्यात पलीकडे आणखी एक काडी खोचायला द्या आणि मुलांनाच शोधू द्या.