क्लार्क, चिटणीस आणि तंजावरचे ‘राव’

क्लार्क हे इंग्रजांचं अगदी नेहमीचं आडनाव. त्याचा अर्थ काय असेल? चक्क कारकून! मूळ लॅटिन शब्द ‘क्लेरिकस’, म्हणजे धर्मसेवक. मध्ययुगात लिहिता-वाचता येणारे बहुतेक चर्चमधलेच, म्हणून लेखनिकालाही तोच शब्द लागला. ऑफिसातल्या ‘क्लर्क’चा उच्चार ब्रिटनमध्ये आजही ‘क्लार्क’ असाच करतात.

आपल्याकडे तरी वेगळं काय? चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या, पत्रं लिहिणारा. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फडणीस हिशेब ठेवणारा, तर पोतदार नाणी पारखणारा. दरबार गेले, कामं सुटली. पण हुद्दे आडनावं होऊन घराघरांत राहिले.

मग तंजावरच्या मराठी मंडळींचं काय झालं? शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तिथे राज्य स्थापलं. ते १८५५ पर्यंत टिकलं. दरबारचे मोडी कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही पाहायला मिळतात. म्हणजे लिहिणाऱ्या हातांची तिथे वाण नव्हती. तरीही तिकडच्या पुष्कळ मराठी घरांत आडनाव मागे पडलं. नावाला ‘राव’ जोडायचं आणि आधी गावाचं किंवा वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावायचं, ही तमिळ मुलखातली रीत त्यांनी उचलली.

सर टी. माधवराव यांचंच पाहा ना! १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले हे मराठी गृहस्थ त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर (इंग्रजांचं टँजोर). वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हेही त्रावणकोरचे दिवाण. हे घराणं महाराष्ट्रात असतं, तर कदाचित ‘दिवाण’ हेच त्यांचं आडनाव पडलं असतं!

‘राव’मध्ये मान आहे, पण पूर्वज पत्रं लिहीत होते की नाणी पारखत होते, हे त्यातून कळत नाही. ती माहिती उरते फक्त वडीलधाऱ्यांच्या आठवणीत. लग्न जुळवताना आपण गोत्र, कुलदैवत आवर्जून विचारतो. त्याच वेळी आजी-आजोबांना आणखी एक प्रश्न विचारावा: आपल्या घरात पूर्वी काम कोणतं चालायचं? उत्तर मिळालं, की ते लगेच वहीत टिपून ठेवावं. आडनाव नसलं तरी नातवंडांना तेवढी ओळख पुरेल.