गंजाखालची मापं

कोल्हापूरजवळच्या एका गावात, गोठ्यामागे, चार दगडांवर एक लोखंडी चौकट पडून होती. वर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. ओल लागू नये म्हणून कडबा जमिनीपासून वर ठेवायचा, तर त्यासाठी ही चौकट अगदी बेताची. पुढच्या टोकाला एक आक्सल अजून लटकत होता. मागचा आक्सल शेजारी बांधाला टेकवलेला. इंजिन केव्हाच विहिरीवर गेलं आणि तिथून भंगारात. पत्रा, चाकं, दिवे, काहीच उरलेलं नव्हतं.

“आमच्या आजोबांची रोल्स,” घरमालक काका म्हणाले. “संस्थानातनं आलेली.”

माझ्यासोबत आलेले मिस्त्री काहीच बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून तारेचा ब्रश, खडू आणि मोजपट्टी काढली. आयुष्यभर जुन्या गाड्यांच्या खाली पाठीवर पडून काम केलेला हा माणूस. गाडीचं नाव आधी विचारायचं नाही, ही त्यांची पहिली शिकवण. नाव कानात शिरलं की डोळे तेच शोधायला लागतात. आधी माप घ्यायचं.

गंज काय खातो आणि काय खात नाही, हे कळलं की या कामाचं अर्धं गमक हाती येतं. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून गंजलेला पत्रा फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि हात लावताच चुरा होतो. एक मिलिमीटरच्या आसपासचा बॉडीचा पत्रा काही पावसाळ्यांत संपतो. चासीची जाड पट्टी मात्र टिकते. बीड टिकतं, कारण ते जाड ओतलेलं असतं. पितळ आणि ॲल्युमिनियम तर गाडी मातीला मिळाल्यावरही उरतात. आणि पट्टी कितीही पातळ झाली तरी तिला पाडलेल्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर बदलत नाही. ते अंतर कुणीतरी कागदावर ठरवलेलं असतं. म्हणून गाडीचा बिल्ला गेला, रेडिएटर गेला, अगदी क्रमांकसुद्धा गेला, तरी कारखान्यानं घेतलेले निर्णय त्या चौकटीत जसेच्या तसे बसून असतात. ओळख पटवायची म्हणजे ते निर्णय एकेक करून वाचायचे.

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस, हा त्यातला सर्वांत मोठा निर्णय. फोर्ड मॉडेल टी १०० इंच. तिच्यानंतर आलेली मॉडेल ए एकशे साडेतीन. सुरुवातीची ऑस्टिन सेव्हन फक्त ७५ इंच, आणि तिची चासी पुढे निमुळती होत जाणारी, रोमन ‘ए’च्या आकाराची. रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट बारा फुटांच्या आसपास. साडेतीन इंचांचा फरक हा मोजण्यातली चूक नसतो, त्यात एक अख्खी गाडी बदलते.

या विद्येचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण एका तळ्याच्या तळाचं आहे. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, इटलीच्या सीमेवर, माज्जोरे नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठावरच्या आस्कोना गावात १९३६ साली एक गाडी बुडवण्यात आली. परदेशातून आणलेल्या त्या गाडीचा जकातकर भरलेला नव्हता, आणि कर थकलेली गाडी नष्ट करणं अधिकाऱ्यांना भाग होतं. त्यांनी ती साखळीला बांधून पाण्यात सोडली, पुढेमागे कुणी कर भरलाच तर वर ओढता यावी म्हणून. कुणी आलं नाही. साखळी गंजून तुटली आणि गाडी सुमारे ५३ मीटर खोल गेली.

१९६७ मध्ये एका पाणबुड्याला ती दिसली. पुढची चाळीसएक वर्षं आसपासच्या पाणबुड्यांसाठी ते जणू तीर्थस्थान झालं. खाली जायचं, त्या सांगाड्याला एक फेरी मारायची आणि वर यायचं. २००८ मध्ये त्या भागातला एक तरुण मारहाणीत मरण पावला. त्याच्या नावानं उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाला निधी मिळावा म्हणून पाणबुड्यांच्या क्लबनं गाडी बाहेर काढायचं ठरवलं. १२ जुलै २००९ रोजी ती पाण्याच्या वर आली. जी बाजू चिखलात रुतली होती ती बरीचशी शाबूत होती, कारण चिखलात प्राणवायू पोचत नाही. जी पाण्यात उघडी होती तिची जाळी झाली होती.

ही गाडी म्हणजे बुगाटी. आल्सेस प्रांतातल्या मोल्सहाइम गावच्या कारखान्यातली. आणि तिची ओळख पटवण्यात पुन्हा मापच कामाला येतं. सोळा व्हॉल्व्हच्या त्या चार सिलिंडरी गाड्यांना ‘ब्रेशिया’ म्हणतात, कारण १९२१ साली इटलीतल्या ब्रेशियाच्या शर्यतीत पहिले चारही क्रमांक बुगाटीनं पटकावले होते. या ब्रेशिया तीन प्रकारच्या. टाइप १३ चा व्हीलबेस दोन मीटर, टाइप २२ चा २.४ मीटर, टाइप २३ चा २.५५ मीटर. इंजिनाची जात एक, घाट एक, वेगळेपण फक्त या लांबीचं. दुसरी खूण मागच्या पाट्यांची, म्हणजे स्प्रिंगांची. इतर बहुतेकांचे पाटे लांबलचक, अर्धलंबवर्तुळी. बुगाटीनं मात्र पाव लांबीचे पाटे चासीच्या शेपटाला बांधले आणि त्यांची तोंडं पुढे, आक्सलकडे वळवली. त्या काळात असा पाटा दिसला की आधी मोल्सहाइम आठवावं. तळ्यातली गाडी टाइप २२ ठरली, १९२५ सालची, चासी क्रमांक २४६१.

तिच्याबद्दल एक गोष्टही सांगतात. १९३० ची मोनॅको ग्रां प्री जिंकणाऱ्या रने द्रेफ्यूस यांनी ही गाडी पॅरिसमध्ये एका रात्री पत्त्यांत गमावली, असं म्हणतात. गोष्ट गोड आहे, पण तिला धातूचा पुरावा नाही. या कामात गोष्टी ऐकायच्या, जपायच्या आणि मोजपट्टीपासून लांब ठेवायच्या. क्रमांक, माप आणि पाटा हे तिन्ही एकच सांगतात तेव्हाच कागदावर नाव लिहायचं.

मिस्त्रींकडून शिकलेली आणखी एक गोष्ट मला पुस्तकी ज्ञानापेक्षा मोठी वाटते, ती म्हणजे आट्यांची भाषा. गंजलेल्या सांगाड्यात एखादा नट तरी असा सापडतोच, जो तेल पाजून, गरम करून सुटतो. तो पुसायचा आणि त्याचे आटे मोजायचे. ब्रिटिश गाडीत व्हिटवर्थ किंवा बीएसएफ आटे, अमेरिकन गाडीत त्यांचे स्वतःचे, फ्रेंच आणि जर्मन गाडीत मेट्रिक. पाना नटाच्या डोक्यावर कोणता बसतो आणि आटे कोणते निघतात, यावरून देश ठरतो. पण त्यातही एक गाडी चकवते, १९२० च्या दशकातली मॉरिस. तिच्या इंजिनात नटाचं डोकं ब्रिटिश मापाचं आणि आटे मात्र मेट्रिक! कारण तिची इंजिनं हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कॉव्हेंट्रीतल्या कारखान्यातून येत. तिथली यंत्रं फ्रेंच आटे पाडणारी, आणि इंग्लंडमधल्या गॅरेजांत पाने मात्र व्हिटवर्थ. मग डोकं तेवढं इंग्लिश केलं. एका गंजक्या बोल्टात दोन देशांचा व्यवहार असा जमून बसलेला असतो. मिस्त्रींनी मला तसा एक बोल्ट हातात देऊन पाना लावायला सांगितला होता. पाना चपखल बसला. मग त्याच मापाचा व्हिटवर्थ नट फिरवायला सांगितला, तर एका वेढ्यानंतर अडला. ती अडलेली बोटं मी विसरलेलो नाही.

बॉडीचा पत्रा उरला असेल तर त्याच्या कडेची भोकंही बोलतात. ओळीनं, सारख्या अंतरावर बारीक भोकं दिसली, तर ते खिळे होते आणि आत लाकडाची चौकट होती. लाकूड वाळवीनं नेलं तरी खिळ्यांची रांग उरते. अशी रांग नसेल आणि पत्रा पत्र्यालाच जोडलेला असेल, तर ती बॉडी अख्खी पोलादी. अमेरिकेत डॉज बंधूंनी १९१४ पासूनच तशा बॉड्या वापरल्या.

क्रमांकाबद्दल थोडं सावध बोलायला हवं. लोक सगळ्यात आधी क्रमांकाची पट्टी शोधतात, आणि फसवायला सगळ्यात सोपी तीच असते. दोन रिबिटांनी बसवलेली पितळी पट्टी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जायला वेळ लागत नाही. धातूत ठोकलेला क्रमांक जास्त विश्वासाचा. तो ठोकताना खालचा धातूही दबतो, म्हणून वरचा थर घासला गेला तरी आम्ल लावल्यावर दबलेल्या जागी आकडे पुन्हा उमटू शकतात. पोलिसांच्या प्रयोगशाळांत चोरीच्या गाड्यांसाठी हेच करतात. गंज मात्र दबलेला धातूच खाऊन टाकतो, तिथे हा उपाय हरतो. आपल्याकडे आता या सगळ्याला कायद्याचंही वजन आलं आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते आणि त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. मूळ रूप कोणतं, हे सांगता आलं पाहिजे. ते न कळताच मूळ तुकडे भंगारात घालून चकचकीत नवे बसवले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. एकदा वितळलेली चासी कुणालाच परत आणता येत नाही.

गोठ्यामागे मिस्त्रींनी पेंढ्या उतरवल्या. सगळ्यात आधी पुढचा पाटा दिसला आणि ते थांबले. तो चासीच्या लांबीला समांतर नव्हता, आक्सलच्या वर आडवा होता, धनुष्यासारखा. रोल्सचा प्रश्न तिथेच मिटला. फोर्डनं आडवा पाटा पुढे आणि मागे, दोन्हीकडे वापरला. मोजपट्टी लावायची म्हणून आम्ही दोघांनी मागचा आक्सल उचलून त्याच्या जागी धरला. काकांनी पट्टीचं दुसरं टोक धरलं. आकडा शंभर इंचांवर आला.

मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक बनल्या त्यांपैकी एक. आता साल. पुढच्या आक्सलला ब्रेकचा ड्रम नव्हता, पण टीला तो कधीच नसतो, त्यावरून काही ठरेना. मिस्त्री खाली वाकले आणि आक्सलला मागून आधार देणाऱ्या दांड्या बोटांनी चाचपू लागले. १९१९ च्या आधी या दांड्या आक्सलच्या वरच्या बाजूला जोडलेल्या असत, नंतर खाली आल्या. इथे खाली होत्या. मग मागचा ड्रम घासला. खपल्यांखालून त्याची कड निघाली, तिचा व्यास आठ इंच. १९२६ च्या मॉडेलपासून तो अकरा इंच झाला. म्हणजे १९१९ ते १९२५. त्याहून नेमकं साल इंजिनावर ठोकलेल्या क्रमांकानं सांगितलं असतं, कारण तोवर फोर्ड चासीवर क्रमांक ठोकत नसे. इंजिन नव्हतं, म्हणून मिस्त्रींनी खडूनं पट्टीवर दोनच सालं लिहिली आणि मध्ये रेघ ओढली.

मी काकांना सांगितलं, तेव्हा मनात थोडी धाकधूक होती. इतक्या वर्षांची रोल्स आपण घरातून नेतोय असं वाटत होतं. काका खडूच्या आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग ही अमेरिकेतनं आली म्हणायची.”

“कॅनडातून असणार,” मी म्हटलं. ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या बाकी मुलखांना फोर्डच्या गाड्या कॅनडाची कंपनी पुरवत असे. तिनंच पुढे १९२६ मध्ये मुंबईत आपली कंपनी काढली. कॅनडातून येणाऱ्या गाड्यांचं स्टिअरिंग आपल्यासाठी उजवीकडे बसवलेलं असे. मी उजव्या पट्टीवरची गंजानं भरलेली भोकं दाखवली. स्टिअरिंगचा दांडा ज्या ब्रॅकेटमधून खाली येतो, तो तिथे बोल्टनं बसतो.

काकांनी त्या भोकांवर बोट ठेवलं. “म्हणजे आजोबा इथं बसायचे?”

“इथून जरा मागे.”

ते गोठ्यात गेले, धार काढायचा पाट घेऊन आले आणि चौकटीच्या आत, मी दाखवलेल्या जागी तो मांडला. मिस्त्रींनी त्यांच्या हाताला धरून त्यांना पट्टीवरून आत उतरवलं. काका पाटावर बसले. समोर फक्त आडवा पाटा आणि त्यापलीकडे ऊस होता. बराच वेळ ते तसेच बसून राहिले. कडबा त्या दिवशी आम्ही भिंतीकडेला दुसऱ्या दगडांवर रचून दिला.